यूचिनची पाठवणी

खोटं सांगत असेन तर जीभ झडो माझी.

हे माझ्या सख्ख्या मेहुणीच्या बाबतीत घडलंय. भूत म्हटलं की लोक अमावस्या शोधतात... इथे तसलं काही नव्हतं. लख्ख सकाळ होती. फटाके वाजत होते. चीनमधल्या फूच्येनच्या किनाऱ्यावरचं आमचं अख्खं गाव गल्लीत जमलं होतं.

लानफेन माझी बायको. यूचिन तिची धाकटी बहीण.

सासूबाई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं यूचिनने केलं. तिचं एक ठरलेलं लग्न त्यांनी मोडायला लावलं. "तू गेलीस की मी मेले," एवढंच म्हणायच्या. शेवटी त्या गेल्या, सुतकाची वर्षं पाळून झाली, आणि काइमिंगसारख्या भल्या माणसाशी यूचिनचं जमलं.

लानफेनला एकच ध्यास होता. ही पोरगी एकदाची या घरातून सुटू दे.

आमच्याकडे नवरीने उंबरा ओलांडला की मागे वळून बघायचं नसतं. वळली, तर घर तिला सोडत नाही. लानफेनने सगळ्यांना दम भरला होता, "मागून हाक मारेल त्याची जीभ हासडीन!"

सगळ्यांना... एक जण सोडून.

यूचिन बालवाडीत शिकवायची. तिथे इंग्रजी शिकवणारी इंग्रिड नॉर्वेहून आलेली. ताडमाड उंच, सोनेरी केस, बोलणं मोडकंतोडकं. परदेशी पाहुणी म्हणून सगळे तिला मिरवत होते.

"अगं बाई, ही तर नवऱ्यापेक्षा उंच!" आत्याबाई म्हणाल्या. "नवरीची लाल छत्री हिच्यावरच धरू की काय?"

इंग्रिडला काही कळलं नाही, पण ती खळखळून हसली. तिला तो नियम सांगायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

लानफेन यूचिनची वेणी घालत होती.

तेवढ्यात...

टक. टक.

सासूबाई काठीने पलंगाची फळी वाजवायच्या, अगदी तसं. त्यांच्या खोलीला कुलूप होतं. मीच लावलेलं.

यूचिन सवयीने उठली. लानफेनने तिला खांदा धरून खाली बसवलं.

"उंदीर असतील गं."

"ताई, उंदीर काठी वाजवतात?"

लानफेनने वेणीचा पेड आणखी घट्ट ओढला.

मुहूर्त झाला. माणसं बाहेर आली. घर रिकामं झालं. यूचिन आणि काइमिंग चालू लागले, आत्याबाईंनी वर छत्री धरली. पाणी ओतायचं पातेलं घेऊन लानफेन उंबऱ्यावर उभी राहिली. नवरी गाडीत बसली की पाणी मागून ओतायचं, म्हणजे पाठवणी झाली.

थोडंच राहिलं होतं हो. गाडीचं दार उघडं होतं.

आणि एकाएकी फटाके थांबले.

कुणी थांबवले नव्हते. माळ जळत होती, धूर निघत होता... पण आवाज नाही.

त्या शांततेत हाक आली.

"यू...चिन! थांब ना. इकडे बघ!"

मोडकी, हेल काढलेली, लाडिक हाक. इंग्रिडची.

पाहुण्याचा मान म्हणून यूचिन हसत वळली.

लगेच तिचं हसू गेलं. ती लानफेनकडे बघत नव्हती. लानफेनच्या खांद्यावरून... आत बघत होती.

लानफेनच्या हातून पातेलं सुटलं. पाणी घरातच सांडलं.

ती तशीच गाडीकडे धावली. "कुठंय ती बया? मेली, आजच तोंड उघडायचं होतं?"

इंग्रिड गाडीत पुढे बसली होती. माझ्या शेजारी. मीच गाडी चालवणार होतो. काचा बंद होत्या. तिने आमच्याकडची शेंगदाण्याची चिकट मिठाई तोंडात कोंबली होती, गाल फुगले होते, दात चिकटले होते. तिने घाबरून आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं.

देवाशपथ सांगतो, तिने चकार शब्द काढला नव्हता.

लानफेनने रिकाम्या घराकडे पाहिलं.

"हाक घरातून आली," ती म्हणाली. "माझ्या पाठीमागून. आपल्यातल्या कुणाचा आवाज असता तर यूचिन वळलीच नसती... आईला ते माहीत होतं."

पाठवणी झाली, जेवणंही झाली. कालवांचं ऑम्लेट ताटांत तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे नवरी माहेरी आली. सूर्य मावळायच्या आत परत जायचं असतं. यूचिन चहाला थांबली नाही. थेट सासूबाईंच्या खोलीत गेली.

कुलूप नुसतं लोंबत होतं.

ऊन उतरलं. काइमिंग दारात चुळबुळत उभा राहिला. लानफेनने यूचिनचा हात ओढला, रडली, शिव्या दिल्या.

"ताई, हात सोड ना," यूचिन शांतपणे म्हणाली. "तिला कुशीवर वळवायचंय."

पलंग रिकामा होता. पण गादी दबलेली होती.

काइमिंग तिला न्यायला वर्षभर येत राहिला. मग थकला बिचारा. त्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

लानफेन रोज भात घेऊन जाते. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. भित्रा म्हणा हवं तर.

परवा तिने खिडकीतून हाक मारली, "यूचिन, चल ना गं माझ्याबरोबर. एवढं एकदा ऐक."

यूचिनने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. अंधाऱ्या पलंगावर ती पंख्याने वारा घालत होती.

"येते गं ताई. आईला झोप लागली की लगेच निघते."

पाच वर्षं झाली.

त्या बाईला अजून झोप लागलेली नाही.