केवळरामच्या बोडीतला साप

"नाही म्हंजे नाही! एक थेंबही नाही भेटणार!"

तलावाच्या पाळीवरून भैय्याजी गरजले, आणि खाली उभ्या असलेल्या केवळरामचा चेहराच उतरला. त्याच्या मागे त्याची मुलगी चंद्रकांता, दिवाळीच्या सुट्टीत भंडाऱ्याहून आलेला तिचा आतेभाऊ इश्वर आणि शेजारचा हिरालाल उभे होते. तिघंही सातवी-आठवीतली, आणि तिघंही रागानं लाल झालेली!

१९७९ सालची ती दिवाळी. पावसानं लवकरच पाठ फिरवली होती. धानाच्या लोंब्या बाहेर पडल्या होत्या. आता एक पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर हाती नुसतं पोचट येणार! तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कोणासाठी कधी उघडायचं हे पंचांनी ठरवायचं. पण सगळ्यांत वडील पंच दादाजी आता थकले होते, आणि तुडूम सांभाळणाऱ्या भैय्याजींना तलाव आपल्या घरचाच वाटू लागला होता. केवळरामनं उन्हाळ्यात शेताच्या वरच्या अंगाला स्वतःची बोडी खोदायला घेतली. छोटंसं तळं, पण आपलं! खाली दगड लागला म्हणून काम अर्धवट राहिलं, तरी भैय्याजींच्या पोटात दुखायचं ते दुखलंच. उद्या सगळेच बोड्या खोदू लागले, तर यांना विचारणार कोण?

"हे पाहा!" भैय्याजींनी मुठीएवढे तीन मणके सगळ्यांना दाखवले. "याच्या बोडीतून निघाले! बोडी खोदतानी यानं गावचा नाग मारला, म्हणून पाऊस गेला! बोडी बुजव, मंग पाण्याचं पाहू!"

"म्या नाही मारला जी," केवळराम कसाबसा म्हणाला.

"म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं!"

कालपर्यंत केवळरामच्या घरी चहा पिणारी माणसं दोन पावलं मागे सरकली. एकानं तर ढेकूळच उचललं!

"मारता? मारा!" चंद्रकांता पुढे झाली. "नेम चुकवू नका पण!"

त्या माणसानं ओशाळून हात खाली घेतला. भैय्याजींनी एक मणका केवळरामच्या पायाशी फेकला. तो तुडूमाच्या दगडी फरशीवर पडला आणि खण्णकन वाजला. चंद्रकांतानं तो झटकन उचलला आणि पोरांना घेऊन थेट बोडी गाठली.

"हाड असं वाजते का बे?" तिनं विचारलं.

इश्वरनं मणका हातात तोलून पाहिला. "हाड कायचं? दगड आहे हा! पण दगडाले असा आकार कोण देईन?"

"थांबा!" हिरालाल घराकडे पळाला आणि धापा टाकत परत आला. मागच्या वर्षी त्यांच्या गोठ्यामागे एक धामण मेली होती. मुंग्यांनी साफ केलेला तिचा कणा त्यानं डब्यात जपून ठेवला होता. (आईला ठाऊक असतं, तर डब्यासकट हिरालालही घराबाहेर गेला असता!)

त्यांनी दोन्ही मणके शेजारी ठेवले. एका बाजूला वाटीसारखा खळगा, दुसऱ्या बाजूला गोळा. दोन्हीकडे अगदी तसंच! फक्त धामणीचा मणका बोराच्या बीएवढा, आणि हा मुठीएवढा.

"बापरे!" इश्वर पुटपुटला. "मंग साप केवढा असन?"

उत्तर समोरच होतं! पावसानं बोडीचा काठ खचला होता, आणि आतल्या पांढऱ्या खडकात तसलेच मणके ओळीनं बसले होते. ओळ वळत वळत बोडीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली होती. इश्वरनं तिथंच पडलेली सबल, म्हणजे पहार, उचलून मारली. ठिणगी उडाली, पण मणका हलला नाही. खडकात दगडी गोगलगायीही होत्या.

"यानं गोगलगायी खाल्ल्या काय बे?" हिरालालनं विचारलं.

"त्याच्यासंगच मेल्या असतीन," चंद्रकांता म्हणाली. "चिखलात. इथं तलाव असन तेव्हा. मंग चिखलाचा दगड झाला, आणि हाडाचाही."

"आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं," इश्वर म्हणाला. "त्याले लाखो वर्षं लागतात!"

इतक्यात चाकं करकरली. भैय्याजींचा गडी ताराचंद मुरूम भरलेली बैलगाडी घेऊन आला होता. "बाजूले व्हा! बोडी बुजवाची आहे!"

"बुजव ना भाऊ," चंद्रकांता गोड आवाजात म्हणाली. "पण नाग बाबावर कोपला म्हणतात. त्याच्या अंगावर गाडीभर मुरूम टाकला, तर तो कोणावर कोपन गा?"

ताराचंदनं खडकातल्या मणक्यांकडे पाहिलं. मग बैलांकडे पाहिलं. आणि गाडी आली त्याच्या दुप्पट वेगानं परत गेली! हिरालाल हसून हसून मातीतच बसला.

चंद्रकांता मात्र हसली नाही. शेतात धान सुकत होतं. ती तशीच दादाजींकडे गेली. "बोडी बुजवाची तर साऱ्या गावासमोर बुजवा जी," तिनं विनवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव बोडीवर जमला.

"काकाजी, नाग केवढा होता जी?" चंद्रकांतानं अदबीनं विचारलं.

"मनगटाएवढा! चार हात लांब!" भैय्याजींना जोर चढला. "फणा काढून उभा होता! याच बोडीत! तुह्या बापानं सबलीनं मारला!"

"आणि हे मणके त्याचेच?"

"त्याचेच! किती डाव सांगू?"

हिरालालनं डबा उघडला. "ही धामण सहा हात होती जी. मनगटाएवढी जाड. तिचा मणका हा एवढासाच. मंग तुमच्या चार हाताच्या नागात हा मुठीएवढा कसा मावला?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

"देवाचा नाग आहे तो!" भैय्याजी ओरडले. "चूप बसा, टवाळ पोट्टे!"

"मंग हा एक काढून दाखवा," इश्वरनं खडकाकडे बोट दाखवलं.

भैय्याजींनी मणका धरून ओढला. नख तुटलं. सबल मारली. ठिणगी उडाली!

"माह्या बाबानं नाग मारला," चंद्रकांता पुढे होऊन म्हणाली, "मंग खडक फोडून त्यात नेऊन बसवला, आणि खडक पुन्हा शिवून टाकला का जी?"

दादाजी काठी टेकत खाली उतरले. त्यांनी मणक्यांवरून हात फिरवत ओळ संपेपर्यंत चालून पाहिलं. बैलजोडीसकट एक गाडी मावेल एवढी ती लांब होती!

"हा कोणाच्या बापानं मारला नाही," ते म्हणाले. "याच्या वेळी कोणाचा बाप होताच कुठं? भैय्याजी, आजपासून तुडूमाले हात लावाचा नाही!"

भैय्याजी गर्दीतून वाट काढत निघून गेले. दुपारी केवळरामच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तलावाचं पाणी शिरलं. ढेकूळवाला माणूस पाट साफ करायला आपणहून आला, पण चंद्रकांतानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि का जावा?

इश्वरच्या गुरुजींनी कळवल्यावर, ऐन धानकापणीत, नागपूरहून खडकांचे अभ्यासक आले. दोन दिवस ते खडकासमोरून हलेनात. "आजच्या कोणत्याही अजगराहून मोठा साप! माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधीचा!" ते म्हणाले. "आणि इथे पाणथळ होतं, हेही मुलांनी बरोबर ओळखलं. बोडी बुजवली असती, तर हे कोणालाच कळलं नसतं!"

केवळराम भरल्या लोंब्यांची पेंढी हातात घेऊन ऐकत होता.

"एवढी वर्षं पंच आहो मी," दादाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पण खोटं बोलणाऱ्याले आधी पोटभर बोलू द्याचं, हे मले नाही सुचलं. या पोरीले सुचलं!"

केवळरामनं पेंढी खाली ठेवली आणि सगळ्या गावासमोर लेकीला जवळ घेतलं.