दोन छोट्या, एक लांब

धुक्यात शिट्टी वाजली. दोन छोट्या, एक लांब... आणि त्याच क्षणी पोकळ ओंडक्याच्या आत कुणीतरी माझा हात घट्ट धरला.

मी अशी किंचाळले, की दूर झोपाळ्यांवरची पोरंसुद्धा गप्प झाली. ओंडक्याच्या पलीकडून एक डोकं वर आलं. केसांत सुकलेलं पान, चेहरा माझ्याहून पांढराफटक.

"सॉरी! मी डबा शोधत होतो..."

"डब्याला बोटं असतात का?" मी म्हणाले. "आणि अजून सोडला नाहीत हात."

त्याने पटकन सोडला. माझा हात एकदम गार पडला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

या उद्यानाच्या झाडीत हौशी लोक डबे लपवतात आणि मोबाइलवर जागेची खूण देतात. डबा सापडला की त्यातली एक वस्तू घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची. जिओकॅशिंग म्हणतात याला. मागच्या रविवारी माझ्या भाचीने या डब्यातून रबरी बेडूक उचलला आणि माझ्या पर्समधून काढून ठेवली बाबांची शिट्टी! बाबा शाळेत पीटीचे सर होते. मागच्या वर्षी गेले. आई ती शिट्टी उशाशी घेऊन झोपते. साखळीची कडी तुटली म्हणून तिने माझ्याकडे दिली होती, कारण मी चष्म्याच्या दुकानात असल्या बारीक कड्या रोज जोडते. आता आईला बेडूक दाखवून काय सांगणार, कपाळ?

"ती शिट्टी... तुम्हीही ऐकलीत?" मी विचारलं.

"ऐकली." त्याने मागे वळून पाहिलं. "कुणी दिसत मात्र नाही."

बाबा मला जेवायला हाक मारायचे तेव्हा अशीच वाजवायचे. मी ते बोलले नाही. डबा ओढून उघडला. गोट्या, पेन्सिल, प्लॅस्टिकचं फूल. शिट्टी नव्हती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आणि पुन्हा... दोन छोट्या, एक लांब. या वेळी अगदी जवळून, समोरच्या झाडांमागून. एक पान हललं नाही. अंगावर सर्रकन काटा आला. माझा हात पुन्हा त्याच्या हातात होता.

"अहो!"

"सॉरी. सवय आहे."

"अनोळखी मुलींचे हात धरायची?"

"या शिट्टीची," तो हळूच म्हणाला. "आमचे पीटीचे सर सहलीत अशी वाजवायचे. म्हणजे, जो शेजारी असेल त्याचा हात धरा. कुणी हरवू नये म्हणून."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने खिशातून काहीतरी काढलं. तोंडाशी लाल दोरा गुंडाळलेली, तुटक्या कडीची शिट्टी.

"काल या डब्यात मिळाली. दोरा बघून ओळखली. घरी नेली, पण झोपच लागेना. सरांच्या घरचं कुणी शोधत आलं तर? म्हणून परत ठेवायला आलो."

"आले ना," मी म्हणाले. "मी त्यांची मुलगी."

त्याने शिट्टी माझ्या तळहातावर ठेवली, नि बोटं मिटून दिली.

"पण तुम्ही आत्ता वाजवली नाहीत?"

"मी काल फुंकून पाहिली. नुसती हवा येते."

येणारच. बाबांच्याच स्कूटरखाली ती चेपली, तेव्हापासून मुकी आहे. आम्ही दोघांनी एकदमच त्या झाडांकडे पाहिलं.

"जाऊ या?" मी म्हणाले.

"थांबा. नियम आहे. एक वस्तू घेतलीत, आता एक ठेवा."

"पर्समध्ये बेडूक आहे. चालेल?"

"बेडूक नको. पुढचा रविवार ठेवा."

"तो भाचीचा असतो." मी जरा भाव खाल्ला. "शनिवार... बघते."

आम्ही फाटकाकडे निघालो. पायवाट दिसत नव्हती. मी शिट्टीची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू! ती काही वाजेना. शेवटी मीच त्याचा हात धरला.

"शिट्टी कुठे वाजली?" तो हसला.

"मला ऐकू आली."

"मला भीती वाटतेय," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"त्या आवाजाची?"

"नाही... फाटक येईल त्याची. तुझा हात सोडावा लागेल."

तेवढ्यात मागे धुक्यात एकच लांब शिट्टी वाजली. त्याची पावलं थबकली.

"ही कसली खूण?" मी कुजबुजले.

"मोजणी झाली की सर वाजवायचे." त्याची बोटं माझ्या बोटांभोवती आवळली. "म्हणजे... सगळे सापडले."