पोच

सुताराला बोलावलं होतं ते एका भिंतीसाठी. आमच्या घराला मागून जोडलेली सासूबाईंची खोली. तिला छोटासा ओटा, स्वतंत्र न्हाणीघर, अंगणात उघडणारं वेगळं दार. त्या गेल्यापासून ती बंदच होती. मी समुपदेशक, लोकांना बोलतं करणं हाच माझा धंदा. भाड्याची जागा सोडून तिथेच बसायचं ठरवलं. दोन खुर्च्या, मंद दिवा, कागदी रुमालांचा डबा, एवढ्यावर भागतं. पण आत बोललेलं बाहेर जाता कामा नये, आणि आमच्या हॉलची व त्या खोलीची भिंत एकच. सासूबाईंची शिंकसुद्धा हॉलमध्ये ऐकू यायची.

"भिंतही?" नवऱ्याने विचारलं.

"भिंतच तर."

"कर," म्हणाला आणि पेपरमध्ये डोकं घातलं.

त्याचं हे असंच. आई गेली तरी डोळ्यांतून टिपूस नाही की तोंडातून अवाक्षर नाही. जगाला बोलतं करणारी मी, आणि घरात हा दगड. मला त्याची काळजी वाटायची, रागही यायचा. संध्याकाळी कामावरून आला की तो हॉलच्या भिंतीवर दोनदा ठोकायचा. म्हणजे, आई, पोचलो. पलीकडून एक ठोका यायचा. म्हणजे, कळलं. लहानपणापासूनची ही मायलेकांची तार. त्या गेल्यावरही त्याचे दोन ठोके चालूच होते. सवय आहे, जाईल हळूहळू, असं म्हणून मी गप्प राहिले.

सुताराने खोलीच्या बाजूने लाकडी चौकट ठोकली, आत जाड लोकर भरली, वर फळ्या लावल्या. मी आत ओरडले, तो हॉलमध्ये कान लावून उभा. त्याला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

"ताई, आता आत बॉम्ब फुटला तरी साहेबांची झोप मोडायची नाही!"

त्या संध्याकाळी नवरा भिंतीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. मग न जेवताच झोपला.

थोड्याच दिवसांत माझ्याकडे एक निवृत्त मास्तर येऊ लागले. बायको गेल्याचं दुःख त्यांना सांगता येत नव्हतं. एकदा दिवेलागणीला ते कुठे बोलू लागले आणि मध्येच थांबले.

"बाई, आधी तिकडे बघा... कोणीतरी ठोकतंय."

"वारा असेल."

"वारा असा वाट बघत ठोकत नाही..."

मग मलाही ऐकू आलं. एक ठोका. शांतता. पुन्हा एक, जरा जोरात. नव्या रंगाच्या वासातून सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळायच्या बामाचा वास येत होता. मास्तरांनी काठी उचलली. "आज एवढंच पुरे," म्हणाले, आणि मागे न बघता गेले.

मी तणतणत हॉलमध्ये आले. नवरा अजून बूट न काढता भिंतीला कान लावून उभा होता.

"काय चाललंय तुझं? आत माणसं असतात माझी!"

"मी नेहमीसारखं दोनदाच ठोकलं." त्याने भिंतीवरचा कान काढला. "आता उत्तर येत नाही गं."

"आता?"

"भिंत होईपर्यंत येत होतं... रोज. कान लावला तरच ऐकू यायचं, इतकं हळू."

एरवी अशा वेळी काय बोलायचं ते मला पाठ असतं. त्या वेळी मला मास्तरांनी ऐकलेला ठोका आठवला.

"एकच ठोका?" मी विचारलं. "अरे, तो तिकडे येतोय... अजून येतोय."

तो अंगणातून धावला. मी मागे. खोलीत अंधारून आलं होतं. तो नव्या फळ्यांपुढे गुडघ्यांवर बसला आणि दोनदा ठोकलं. आम्ही फळीला कान लावले. फळीतून एक ठोका आला. अगदी हळू, म्हाताऱ्या बोटांचा.

आणि माझा नवरा रडला. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मलाही रडू आवरेना.

"आई, तिकडे काही ऐकू येत नाही गं आता," तो हुंदके देत म्हणाला. "इथे एकटी नको बसूस वाट बघत... घरातच ये ना."

मी त्याला अडवायला हवं होतं की काय, ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मात्र बरं वाटलं. इतके दिवस मनात साठवून बसलेलं माणूस बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला. पोटभर जेवला, आईच्या आठवणी सांगत हसलासुद्धा. जेवण झाल्यावर आम्ही हॉलमध्ये बसलो होतो. मागची खोली मी स्वतः कुलूप लावून आले होते.

भिंतीवर दोन ठोके पडले.

एक नाही, दोन. म्हणजे, पोचले.

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने हात लांब करून भिंतीवर एकदा ठोकलं. मी मात्र जागची हललेच नाही. सुताराने लोकर दाबून भरली होती. त्या भिंतीतून पलीकडचा आवाज येतच नाही. ठोके पडले होते ते आमच्या बाजूला, माझ्या खुर्चीच्या अगदी मागे. आणि बामाचा वास येऊ लागला होता.