काळी पट्टी

हिशेबानं पाहिलं, तर त्या दुपारी गप्प बसण्यात तैसिया ल्वोव्नाचा फायदाच फायदा होता. फ्रेंच फौजदारी कागद रशियनमध्ये आणायचे आणि खाली आपला शिक्का मारायचा, हा तिचा धंदा. नीसच्या कोर्टातल्या शपथबद्ध अनुवादकांत तिचं नाव पुढं राहणार की गळणार, हे त्याच हिवाळ्यात ठरायचं होतं. शिक्का गेला तर उरणार होती स्टेशनमागची एक खोली, आणि आई गेल्यापासून मुका झालेला फोन.

समुद्राकडून तिरका पाऊस येत होता. कोर्टासमोर सोका, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीतलं जाड धिरडं, विकणारं दुकान होतं; तिथं बाकावर एकच जागा उरली होती — तिच्या समोरची. ओल्या कोटातला एक उंच माणूस छातीशी फाइल धरून तिथं बसला. गरम सोकावर त्यानं मिरपूड भुरभुरली आणि वाचता वाचता ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागला... रशियनमध्ये.

तैसियाचा घास हातातच राहिला. वाक्य तिच्याच अनुवादातलं होतं. शब्द न् शब्द तिचा.

"पुटपुटू नका," ती म्हणाली. "या बाकावरच्या निम्म्यांना रशियन येतं."

तो दचकला. फाइल मिटली. "माफ करा. आणि उरलेल्या निम्म्यांना?"

"त्यांना सोका सोडून काही कळत नाही. तुम्हाला नेमकी तीच कळत नाही असं दिसतंय. गार होतेय ती."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त मिटायचा. इग्नात सावेलिच — मार्सेचा अनुवादक. एका वकीलबाईनं एका अनुवादावर शंका घेतली होती, म्हणून तो तपासायला आला होता. अशा वेळी कोर्ट पहिल्या अनुवादकाच्या नावावर काळी पट्टी ओढतं, आणि अहवाल जाईपर्यंत दोघांनी भेटायचं नाही, असा नियम.

तैसियानं त्याच क्षणी उठायला हवं होतं.

ती उठली नाही. पाऊस होता, हे एक कारण. खरं कारण असं, की तिच्यासमोर बसून कुणी जेवल्याला किती काळ लोटला, हे तिला आठवेना.

"आणि तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं.

"मी... बागकामाच्या पुस्तकांचा अनुवाद करते."

एवढं सराईत खोटं आपल्याला येतं, याचं तिलाच नवल वाटलं.

मग रोजचंच झालं. तो आधी आला तर तिच्यासाठी कोट टाकून जागा धरायचा. ती आधी आली तर काहीच करायची नाही, फक्त दाराकडं बघायची.

"तपास करणारा न्यायाधीश," तो एकदा म्हणाला, "हा प्राणी फ्रान्समध्ये आहे, आपल्या रशियात नाही. न्यायाधीश लिहिलं तर आपल्या माणसाला वाटतं निकाल लागला. तपासनीस लिहिलं तर वाटतं पोलिस आला."

"मग या अनुवादकानं काय लिहिलंय?"

"दोन्ही. वर कंसात दोन ओळींत समजावलंय... ही बाई आहे बरं का."

"कशावरून?"

"पुरुष कधी वाचणाऱ्याची एवढी काळजी करत नाही. वाचताना वाटतं, अंधाऱ्या जिन्यात कुणीतरी दिवा धरून पुढं चाललंय."

तैसिया खिडकीबाहेर बघू लागली. कान तापले होते. "प्रेमात पडलात की काय तिच्या?"

"पडलोही असतो. पण ती मला सोका गार होतेय म्हणून रागावत नाही ना..."

तिनं त्याच्या ताटातला करपलेला कडेचा तुकडा उचलून खाल्ला. उत्तर म्हणून तेवढं पुरे होतं. त्या दिवसापासून तो 'तू' म्हणू लागला.

हिवाळा सरताना रस्त्याकडेचा पिवळा मिमोसा फुलला, तेव्हा तो एकदा उशिरा आला. जेवण मागवलंच नाही.

"चूक सापडली. एकच. ज्याची नुसती चौकशी सुरू आहे, त्याला तिनं सरळ आपल्याकडचा 'आरोपी' लिहिलंय. सवयीनं लिहून गेली असणार... मी सोडून देतोय."

"का?"

"एवढ्या देखण्या कामात एक शब्द! वकीलबाई समजावतायत त्याला तोंडी."

"कुणाला?"

"प्रोखोर म्हणून आहे. बोटीवरचा स्वयंपाकी, उत्तरेकडचा. सुटकेच्या अर्जावर सही करायला सांगतात, तर करत नाही. म्हणतो, आमच्या गावी हा शब्द ज्याला लागला तो परत आलेला मी पाहिला नाही, मग विनवण्या कशाला? तोंडी सांगितलं त्या बाईंनी, पण तो म्हणतो, शिक्क्याचा कागद खोटं बोलत नाही."

शिक्क्याचा. तिच्या शिक्क्याचा. एक माणूस तिच्यावर विश्वास ठेवून तुरुंगात बसला होता.

"लिही," ती म्हणाली.

"तैसिया, तिचं नाव जाईल यानं."

"जाऊ दे."

"किती कठोर आहेस गं! तुला काय ठाऊक, कोण आहे, कशी राहते —"

"एकटी राहते," तैसिया म्हणाली, "असं धरून चाल. तरी लिही."

त्यानं लिहिलं. कागद दुरुस्त होऊन गेला, प्रोखोरनं सही केली आणि न्यायाधीशानं त्याला सोडलं. तैसियाचं नाव गळलं. ज्या दिवशी पत्र आलं, त्या दिवशी तिनं ते सोकाच्या ताटाशेजारी इग्नातसमोर ठेवलं.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. बाहेर ऊन होतं.

"पहिल्या दिवसापासून?" त्यानं विचारलं.

"पहिल्या वाक्यापासून."

"आणि मी मूर्खासारखा तुझीच स्तुती तुला —"

"थांबवायला हवं होतं. पण... माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललंच नव्हतं, इग्नात. सांगितलं असतं तर तू उठून गेला असतास."

"जावंच लागलं असतं. शपथ घेतलीय मी."

"म्हणून तर नाही सांगितलं. मला तू हवा होतास."

त्यानं तिचा हात हातात घेतला. बराच वेळ. मग अलगद टेबलावर ठेवला, काचेचा असल्यासारखा.

"मलाही तूच हवी आहेस, हेच तर वाईट आहे," तो म्हणाला. "पण तू गप्प बसलीस, की यापुढं मला कळायचं नाही, काय लपवतेयस. आणि तू तर बहुतेक वेळ गप्पच असतेस गं..."

तिथून तो सरळ कोर्टाच्या कचेरीत गेला. ज्या बाईचं काम तपासलं तिच्यासोबत आपण रोज जेवत होतो, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. अहवाल तिच्या विरुद्ध होता, प्रोखोर केव्हाच बाहेर आला होता, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही. इग्नातचं नाव मात्र अनुवादकांच्या यादीतून कापलं गेलं. संध्याकाळच्या गाडीनं तो मार्सेला परतला. तैसिया फलाटावर गेली नाही. गाडी तिच्या खोलीच्या मागूनच जायची, ती तिनं दिवा न लावता ऐकली.

आता कुणाच्या वाट्याला काय आलं ते बघू. प्रोखोरला समुद्र मिळाला. वकीलबाईंना यश मिळालं. कोर्टाला फुकटात नेमका शब्द मिळाला. तैसियाचा शिक्का गेला, पण ती किंमत तिनं 'लिही' म्हणून स्वतःच्या तोंडानं कबूल केली होती. इग्नातनं जी किंमत मोजली, ती मात्र तिनं गप्प बसून त्याच्या नावावर आधीच मांडली होती... त्याला न विचारता, पहिल्याच दुपारी.