दोन बोटं माया

मास्तरांनी शिवलेला कुठलाही कपडा उसवून पाहिला, तर शिवणीच्या आत दोन बोटं रुंद जादा कापड हमखास सापडे. शिंपीलोक त्याला माया म्हणतात. "आजचं अंग उद्या राहत नाही," असं गिऱ्हाइकाला बजावून मास्तर कात्री उचलत. बावीस वर्षांत ती दोन बोटं सोडायला ते एकदाही विसरले नव्हते.

झोप मात्र त्यांना विसरली होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या.

"रोज एकच. घेतली की लगेच आडवं व्हायचं. महिन्यापलीकडे नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. या गोळीच्या अमलात माणसं उठून गाडीसुद्धा चालवतात. सकाळी काही आठवत नाही."

"मला कुठं गाडी येते?" मास्तर हसले. "उठलोच तर चार काजं करीन. हात झोपेतही चुकायचा नाही माझा."

झोप आली, काळी, बिनशिवणीची. महिना संपला, गोळी सुटली नाही. तिसऱ्या महिन्यात एकीच्या दोन झाल्या.

एका सकाळी माडीवरच्या घरातून ते खाली दुकानात उतरले, तर ग्रंथपालांचा कोट पुतळ्यावर तयार होता. काल तो नुसता टाचलेला होता. टाके देखणे, निःसंशय त्यांचेच. पण कंबर चार इंच आत घेतलेली, आणि आतली माया कापून टाकलेली. मास्तरांच्या नखांत पांढरा खडू होता.

कापड वाढवायला जागाच उरली नव्हती. मास्तर ओशाळले, आज देतो, उद्या देतो करत राहिले. तीन आठवड्यांनी ग्रंथपाल स्वतः आले, दुखण्यानं निम्मे झालेले. कोट अंगावर चढला तो थेट बेतल्यासारखा.

"मास्तर, माप तुम्ही घेतलंत की माझ्या आजारानं?" ते आरशात पाहून म्हणाले.

महिनाभरात ते गेले. अखेरपर्यंत तोच कोट त्यांच्या अंगाला सुतभरही ढिला झाला नाही, असं त्यांच्या भावानं सांगितलं. मास्तरांनी याला योगायोग म्हटलं आणि खणखणीत आवाजात पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मग निळा फ्रॉक आला.

ते कापड त्यांनी नऊ वर्षांच्या लेकीसाठी, टिकलीसाठी, राखून ठेवलं होतं. कात्री लावली नव्हती. त्या सकाळी फ्रॉक शिवून, इस्त्री करून टेबलावर पसरलेला होता. मापाच्या वहीत टिकलीचं माप त्यांच्याच अक्षरात होतं, आजच्या तारखेचं. मास्तरांनी कडेवरून अंगठा फिरवला. घेराची दुमड बोटभरसुद्धा नव्हती. खांद्यात, बगलेत, कुठंच माया नव्हती.

वाढत्या पोरीचा कपडा.

ते तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. "एकदम तोडू नका, हळूहळू उतरवू," त्या म्हणाल्या. पण मास्तरांना धीर नव्हता. घरी येताच त्यांनी बाटली बायकोच्या हातात ठेवली.

"कुलपात टाक. मी पाया पडलो तरी देऊ नकोस."

"पाया पडून बघा तर खरं," ती म्हणाली. "एवढं भाग्य कुठलं माझं!"

मग त्यांनी फ्रॉक उसवला. पेटीत तेच कापड उरलं होतं, त्याचा जोड देऊन खालच्या घेरात दोन बोटं माया घातली. फ्रॉक आतच ठेवून दुकानाला कुलूप लावलं आणि किल्लीही बायकोलाच दिली. आता आपले हात आपल्या ताब्यात आहेत, याची त्यांना खात्री होती.

तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. अंग थरथरे, घाम फुटे; ते खोलीत येरझाऱ्या घालत, आणि पलंगावर बायको कूस बदलत राही. चौथ्या पहाटे टिकलीच्या दाराशी, खुर्चीतच, त्यांना आपसूक झोप लागली. स्वतःची, बिनगोळीची.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. त्यांनी आधी नखं पाहिली. स्वच्छ.

मास्तर मोकळेपणानं हसले.

"बाबा, बघा ना!"

टिकली समोर उभी होती. निळा फ्रॉक तिला अगदी नेमका बसला होता. मास्तरांनी गुडघे टेकून घेराची कड चिमटीत धरली.

दोन बोटं नव्हती.

"हा खालून कुणी आणला?"

"मला काय ठाऊक? तिच्या उशाशीच होता," बायको म्हणाली. ती लेकीची वेणी घालत होती. आवाज जड, डोळे अर्धवट. "तुमच्या येरझाऱ्यांनी मलाही झोप कुठली? काल तुमच्या बाटलीतली एक गोळी घेतली. कशी गाढ लागली म्हणून सांगू!"

तिला सुईत दोरा ओवता येत नसे. संसारात ती त्या दोघांची जुनी थट्टा होती. तिच्या नखांत पांढरा खडू होता.

"हलू नकोस गं," ती म्हणाली, आणि तिनं वेणीच्या टोकाला फीत बांधली. निळी. कडेचे दोरे निघालेली. दोन बोटं रुंद.