छातीतलं यंत्र

आजऱ्याजवळच्या मळ्यात शांतव्वा काजूच्या बिया वाळत घालत होती. रोजचंच काम. ओसरीवर नवरा, गुरुसिद्ध, शून्यात बघत बसलेला. जन्माची सोबत, पण विसरायच्या रोगानं त्याला असं गिळलं होतं की बायकोलाच विचारायचा, "पावणं, कुठनं आलासा?" ती हसून "हितनंच की" म्हणायची आणि चुलीपुढं जाऊन रडायची. मरायच्या आधी त्यानं एकदा "शांते" म्हणावं, एवढीच तिची आस.

२००९ साल. पुण्यातल्या एका दवाखान्यात त्याच्या मेंदूत तारा घातल्या, छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवली. नवा प्रयोग होता. विजेनं आठवणी जाग्या होतात म्हणे. पोरगा वीरेश कागलच्या कारखान्यात कामाला. त्यानं डॉक्टरांचं अर्धं ऐकलं, अर्धं मोबाइलवर बोलण्यात घालवलं. असला शहाणा!

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत म्हातारा बोलला, "चहात साखर कमी हाय, अत्तिगे."

अत्तिगे म्हणजे वहिनी. शांतव्वाच्या अंगावर काटा आला, पण आनंदापुढं काट्याला कोण विचारतो? यंत्र चाललं, चव कळाय लागली, आज ना उद्या नावही आठवेल. तिला अत्तिगे म्हणणारा एकच होता, धाकटा दीर महांतेश. तो ऐन तरुणपणी घर सोडून हुबळीला गेला, असं गुरुसिद्धनंच गावाला सांगितलं होतं.

मग म्हातारा विहिरीमागं बोट दाखवाय लागला. "आडवं पुरलंय मला," तो पुटपुटायचा. "आपल्या लिंगायतांत मेलेल्याला मांडी घालून बसवून पुरत्यात... मला नुसतं आडवं टाकलं..."

"कुणी?" शांतव्वानं विचारलं.

तो आपल्याच उजव्या हाताकडं बघत राहिला.

त्या दुपारी ती पाणी आणायला आत वळली आणि खाटकन आवाज झाला. पुन्हा एक. उजवा हात उंबऱ्यावर ठेवून गुरुसिद्ध डाव्या हातानं कोयता चालवत होता, सरपण फोडावं तसा, ना घाई ना राग. बोटं उंबऱ्याच्या आत पडत होती. रक्ताची चिळकांडी तिच्या लुगड्यावर उडाली. तिनं त्याचं मनगट धरलं तर त्यानं तिला भिंतीवर आपटलं. त्या सुकलेल्या अंगात एवढं बळ कुठनं आलं देव जाणे.

"सरक, अत्तिगे," तो हळूच म्हणाला. "ह्याच हातानं... माज्या मानंवर..."

चौथं बोट तुटलं तेव्हा सुट्टीवर आलेला वीरेश धावत आला आणि बापाच्या छातीवर बसला.

पुण्याला नेलं. हाताचं ऑपरेशन झालं. शांतव्वानं डॉक्टरांपुढं हात जोडले. "ते यंत्र बंद करा, साहेब. त्याच्यामुळं नको ते आठवाय लागलंय."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "पण ते अजून चालूच केलेलं नाही, आजी. जखमा भरल्यावर चालू करायचं, हे मी तुमच्या मुलाला सांगितलं होतं."

वीरेशनं मान खाली घातली.

"आणलंच आहे, तर जरा तपासून बघू," म्हणत डॉक्टरांनी हातातल्या उपकरणाचं बटण दाबलं. गुरुसिद्धनं बुडता माणूस वर यावा तसा श्वास ओढला. डोळे फिरले, तिच्या चेहऱ्यावर थांबले.

"शांते..."

तिला हुंदकाच फुटला. इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी जीव टांगला होता, तो शब्द. तिनं त्याचा पट्टी बांधलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"शांते, हे बंद करू दिऊ नगंस," तो कुजबुजला. डोळ्यांत पाणी होतं. "हे बंद असलं की त्यो बोलतोय... म्या मारलं त्याला... आता हितं आत मांडी घालून बसलाय..."

"बंद करू नका, साहेब. पाया पडते तुमच्या."

"घाबरू नका, आजी. पहिल्या दिवशी एवढंच," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

गुरुसिद्धची नजर विझली. शांतव्वानं हात सोडला नव्हता. त्या हाताला आता अंगठाच काय तो उरला होता. पट्टीच्या आतून पाच बोटं हळूहळू तिच्या मनगटाभोवती आवळली.