बंदुकीच्या नळीतला उजेड

"रांगेत या," मी मान वर न करता म्हणाले.

तो मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासानं पुन्हा समोर आला तेव्हा कळलं, तो परवान्यासाठी आलाच नव्हता. संप मिटेपर्यंत बंदुका तपासायला अमरावतीच्या पोलीस मुख्यालयातून पाठवलेला आर्मरर होता तो, श्याम ढोके.

"सांगायचं ना मंग!"

"तुमी रांग म्हनल्या... मले वाटलं, इथं असंच असते."

मला हसू आवरेना.

अकोल्याच्या कलेक्टर कचेरीत संपाचा तिसरा दिवस. बाहेर मंडपात घोषणा, आत रिकाम्या खुर्च्या. शस्त्र परवाना शाखेत उरले होते मी एकटी, अपेक्षा, कंत्राटी ऑपरेटर. संप पेन्शनसाठी होता, आणि मला ना जुनी पेन्शन ना नवी. मग मी कशाला रुसू? परवान्यांच्या मुदती मात्र कोणासाठी थांबत नाहीत. बँकांचे गार्ड, रानडुकरांनी हैराण झालेले शेतकरी, सगळे दारात. प्रत्येकाची बंदूक तपासायची, नंबर ताडून पाहायचा, साहेबांची सही घ्यायची. कागद माझे, बंदुका त्याच्या.

त्याचे हात बघण्याचा मला नादच लागला. लाकडावरून नुसतं बोट फिरवून तो विचारायचा, "आजोबा, पावसात भिजली ना हे?" आणि आजोबा थक्क. मीसुद्धा.

"मॅडम, पाहता काय?" एकदा त्यानं दुनळीची नळी सुटी करून खिडकीकडे धरली.

मी डोळा लावला... आत उजेडाचं कडं, त्यात दुसरं, त्यात आणखी एक... दूर दूर जाणारी कडी. जीव घेणाऱ्या वस्तूच्या पोटात इतकं सुंदर काही असतं? किती वेळ बघत राहिले कोण जाणे. डोळा काढला तर तो माझ्याकडे बघत होता.

"काय पाहून राहिले?"

"नळी," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

संपाच्या सातव्या दिवशी दुपारी मोतीरामकाका आले, बँकेचे गार्ड. त्यांच्या परवान्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. परवाना गेला की नोकरी गेली. श्यामनं त्यांची नळी उजेडात धरली आणि मान हलवली.

"नाई पास होत."

"एक डाव सोडा ना," मी हळूच म्हटलं. "रडून राहिले काका."

"आज सोडली, अन् उद्या हातातच फुटली त?"

त्यानं नळी माझ्यापुढे धरली. सगळ्या कड्यांना चिरत गेलेली, केसासारखी बारीक काळी रेघ. मला त्याचा राग आला होता, तो जिथल्या तिथे विरला.

"हे बंदूक जमा करू," तो म्हणाला. "पन परवाना चालू ठेवा, अन् दुसरी घ्याची परवानगी मांगू. कागद बनवता येते ना तुमाले?"

येत होते! जेवण सोडून मी फाइल केली, त्यानं अहवाल लिहिला, आणि पाचाच्या आत आम्ही दोघं धावत साहेबांच्या दाराशी. सही झाली. मोतीरामकाकांनी हात जोडले. केवढा माणूस हा! नाही म्हणतो, पण समोरच्याला वाऱ्यावर सोडत नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आता लपवून काय उपयोग?

तेवढ्यात मंडपात एकच जल्लोष झाला. संप मिटला! सगळ्या कचेरीत मी एकटीच रडवेली.

श्याम हत्यारांची पेटी आवरू लागला. "खुश नाई तुमी?"

"नाई. अजून आठ दिवस चालला असता त काय बिघडत होतं?"

त्याचे हात थांबले. "एक सांगू...? राग नका मानू. आमी तिघं आर्मरर. पाळीपाळीनं इथं याचं होतं. त्या दोघायच्या पाळ्या मीच मांगून घेतल्या."

"काहून?"

"काहून म्हंजे..." पहिल्यांदाच त्यानं मॅडम म्हटलं नाही. "अपेक्षा, तुमाले खरंच नाई समजत?"

समजत होतं. पण इतक्या सहज कोण कबूल करतं?

"अन् त्यायनं फुकट देल्या पाळ्या?"

"फुकट कुठं! पुढचे तीन रविवार त्यायची ड्युटी माह्यावर."

"अन् चौथा?"

"चौथा... रिकामा हाय."

"मंग चौथ्या रविवारी या," मी म्हटलं. "बाबा घरीच असतात."